तो आजच्या पोरांपुढे टिकला असता का

आमच्या घरात त्याचं नाव घ्यावं लागत नसे. नुसतं 'तो' म्हटलं की पुरे. तो म्हणजे पन्नासएक वर्षांपूर्वीचा जगज्जेता हेवीवेट बॉक्सर. माझं लग्न झालं तेव्हा नवऱ्याच्या कपाटाच्या दाराला आतून त्याचा फोटो चिकटवलेला होता, वर्तमानपत्रातून कापलेला आणि पिवळा पडलेला. साडी काढायला कपाट उघडलं की उघड्या छातीचा, घामाने निथळणारा एक माणूस हातमोजे उगारून माझ्याकडे बघत असे. सासूबाईंनी तो काढून तिथे दत्ताचा फोटो लावायला सांगितला. नवऱ्याने दोघांना शेजारी शेजारी लावलं आणि वाद मिटवला. पुढे आम्ही सिंगापूरला आलो तेव्हा दत्त देवघरात गेले आणि तो नवऱ्याच्या पाकिटात.

त्यामुळे एका शनिवारी जेवताना नवरा जेव्हा म्हणाला की तो आज असता तर तीन फेऱ्यासुद्धा टिकला नसता, तेव्हा मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

समोर आमचा शेजारी बसला होता. वुडलँड्सच्या आमच्याच ब्लॉकमध्ये दोन मजले वर राहणारा मरीन इंजिनिअर. बरीच वर्षं बोटीवर काढून आता बंदरात आलेल्या जहाजांच्या तपासणीची किनाऱ्यावरची नोकरी करत होता. वय बत्तीस. बायको पहिल्या बाळंतपणासाठी नाशिकला गेलेली, म्हणून शनिवारचं जेवण आमच्याकडे ठरलेलं. मला वहिनी म्हणायचा, नवऱ्याला दादा. गुणी मुलगा, भात दोनदा घ्यायचा. त्या दिवशी त्याने बोलता बोलता आमच्या 'त्या'चा विषय काढला आणि म्हणाला, असा बॉक्सर पुन्हा झाला नाही. मी मनात म्हटलं, झालं, आता ह्या दोघांची पंगत उठायची नाही. आणि नवरा म्हणाला, "अरे, तो काळच वेगळा होता. आजच्या पोरांनी त्याला चिरडला असता."

ह्याचं कारण मला ठाऊक होतं. ते बॉक्सिंगमध्ये नव्हतं, जुरोंग आयलंडवर होतं. नवरा तिथल्या एका केमिकल प्लांटमध्ये इंजिनिअर आहे. त्या वर्षी त्यांच्याकडे नवा साहेब आला होता, नवऱ्यापेक्षा चांगला पंधरा वर्षांनी लहान. त्याचा आवडता शब्द 'लेगसी'. जुना पंप म्हणजे लेगसी पंप, जुनी पद्धत म्हणजे लेगसी पद्धत. मग एका मीटिंगमध्ये तो 'लेगसी माणसं' असंही म्हणाला आणि म्हणताना त्याने नेमकं कुणाकडे बघितलं ह्यावर नवऱ्याने घरी येऊन बराच वेळ विचार केला.

त्याच आठवड्यात बाथरूममध्ये केसांच्या कलपाची डबी आली. माझे दोन चांगले टॉवेल त्यात गेले. मग नारिंगी लेसचे पांढरे बूट आले. सकाळी चहाऐवजी हिरवी पावडर पाण्यात ढवळून प्यायली जाऊ लागली आणि आपण किती गाढ झोपलो हे मोबाइलला विचारलं जाऊ लागलं. काळ्याभोर केसांचा, गळ्यात पास लटकवलेला हा त्रेपन्न वर्षांचा तरुण सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत उभा राहिला की मी वरून खिडकीतून बघायची. बस येईपर्यंत तो चवड्यांवर उड्या मारायचा. अशा माणसाला पन्नास वर्षांपूर्वीच्या जगज्जेत्याची बाजू घेणं परवडणारं नव्हतं. त्याने आपल्याच दैवताला मैदानात एकटं सोडलं आणि जिंकणाऱ्यांच्या गाडीत जाऊन बसला.

शेजाऱ्याला ह्यातलं काही माहीत नव्हतं. तो भाबडेपणाने लढत राहिला. त्याचं म्हणणं असं, की त्याच्यासारखे पाय आज एकाचेही नाहीत. तो हात खाली सोडून उभा राहायचा, समोरच्याचा ठोसा नाकापाशी आला की मान मागे घ्यायचा आणि ठोसा हवेत जायचा. नवऱ्याचं म्हणणं असं, की हे सगळं त्या काळच्या गड्यांपुढे ठीक होतं. आजचे हेवीवेट त्याच्याहून वीतभर उंच, अंगाने दीडपट. त्यांचा आहार ठरवायला माणूस, झोप मोजायला माणूस, समोरच्याची प्रत्येक सवय कॉम्प्युटरवर उलगडून दाखवायला माणूस. एकदा त्याला दोरांवर नेऊन असं धूड अंगावर टाकलं की नाच बंद.

"पण दादा, त्याला दोरांवर नेणार कोण? सापडायला तर पाहिजे," शेजारी म्हणायचा.

आमची मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. तिने एकदा ताटातून मान वर करून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत सांगितलं की फाइट होणारच नाही लाह, दोघांचे मॅनेजर पाच वर्षं बोलणी करतील, तोवर दोघंही रिटायर. मला हे त्या टेबलावर आजवर झालेलं सगळ्यात शहाणं बोलणं वाटलं. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

असे कितीतरी शनिवार गेले. हाताची पोच किती असते हे दाखवताना आमटीचा डाव माझ्या पडद्याला लागला. नवरा ऑफिसच्या बसमध्ये बसून ह्यांचे त्यांचे व्हिडिओ बघायचा आणि मुद्दे गोळा करायचा. शेजारी वरून मेसेज पाठवायचा. भांडण तसं मजेतलंच होतं, पण एका संध्याकाळी नवऱ्याने शेजाऱ्याला सुनावलं की भावनेच्या भरात बोलू नकोस, सायन्स समजून घे, मी रोज ह्या आकड्यांमध्ये काम करतो. त्यावर शेजारी चिडला आणि त्याच्या तोंडून गेलं, "काका, आकडे बॉक्सिंग करत नाहीत."

काका. इतके महिने दादा होता.

मी आमटी वाढत होते, ती तशीच हातात राहिली. शेजाऱ्याला आपण काय बोललो ते लगेच कळलं. कान लाल झाले. नवरा शांतपणे जेवला, हात धुतले आणि आत जाऊन आरशासमोर उभा राहिला. मी वहिनीच राहिले होते ह्याचं मला जरा बरं वाटलं, पण ते बोलून दाखवायची वेळ नव्हती.

पुढचा शनिवार शेजारी आला नाही. मी डबा वर पाठवला. पण दोघांनीही हार मानलेली नव्हती. भांडण आता आमच्या भागातल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं. तिथे एरवी कुणाकडे गोडा मसाला शिल्लक आहे आणि कुणाचा फ्लॅट रिकामा होतोय एवढंच चालतं. आता सगळ्यांना बॉक्सिंग कळू लागलं. ज्यांनी आयुष्यात उशीलाही गुद्दा मारला नव्हता ते 'फुटवर्क' आणि 'स्टॅमिना' ह्यांवर लिहू लागले. एका गृहस्थांनी तो मुळात शाकाहारी असता तर आणखी वीस वर्षं खेळला असता असं मत दिलं. शेवटी ग्रुपच्या अध्यक्षांनी, ज्यांना कुठलीही गोष्ट परिसंवादाशिवाय पूर्ण झाली असं वाटत नाही, जाहीर केलं की ह्या विषयावर आपण रीतसर परिसंवाद घेऊ. विषय ठरला: 'तो आज रिंगणात उतरला असता तर?' वक्ते दोन. सूत्रसंचालन माझ्या गळ्यात आलं, कारण मी तोआ पायोहला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर काम करते आणि हॉल तिथून जवळ होता. हे कारण अध्यक्षांना पुरेसं वाटलं.

प्रमुख पाहुणे म्हणून तरुणपणी खरंच बॉक्सिंग केलेला एक स्थानिक माणूस कुणीतरी शोधून आणला. साठीचा, रुंद खांद्यांचा, चपट्या नाकाचा. त्याला बघून सभागृहात एक आदराची लाट आली. समई लावली, मुलांनी स्वागतगीत म्हटलं, शाल आणि श्रीफळ झालं. अध्यक्षांनी प्रास्ताविकात कोल्हापूरची लाल माती, तालमी आणि थंडाई ह्यांचा गौरव केला. कुस्ती आणि बॉक्सिंग ह्यांतला फरक त्यांना कुणी सांगितला नसावा किंवा सांगूनही पटला नसावा. मग पाहुणे उठले. त्यांचं पहिलं वाक्य बॉक्सिंगचं होतं, की खेळल्यामुळे त्यांची पाठ कायमची दुखावली. तिथून पुढे ते गादीवर आले. ते आता गाद्या विकत होते. मणक्याला आधार देणाऱ्या, आतून तीन थरांच्या. बराच वेळ ते त्या तीन थरांबद्दल बोलले आणि खरं सांगते, त्या दिवशीचं सगळ्यात अभ्यासपूर्ण भाषण तेच होतं. शेवटी मी सूत्रसंचालक ह्या नात्याने त्यांना विचारलं की तुमच्या मते तो आज जिंकला असता का. ते दिलगिरीने हसले आणि म्हणाले, "सॉरी, मी बॉक्सिंग बघत नाही."

मग नवरा. त्याने स्लाइड्स केल्या होत्या. पडद्यावर दोन काळ्या आकृत्या आल्या, एक लहान, एक मोठी. लहानाखाली लिहिलं होतं 'लेगसी'. तो शब्द जुरोंग आयलंडवरून थेट मराठी परिसंवादाच्या पडद्यावर आला होता. नवरा भावना बाजूला ठेवू या असं म्हणाला, आणि एवढ्या भावनेने म्हणाला की पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी टाळ्या वाजवल्या. वजन, उंची, पोच, आहार, सगळं झालं. चांगला बोलला. त्याच्या पाकिटात त्या वेळीही तो पिवळा फोटो होता हे तिथे फक्त मला माहीत होतं.

शेजाऱ्याकडे स्लाइड नव्हत्या. त्याने कुर्त्याच्या बाह्या वर केल्या आणि सांगितलं की ही गोष्ट बोलून कळणारी नाही, करून दाखवावी लागेल. नवऱ्याकडे वळून म्हणाला, "दादा, या. मारा मला. जोरात मारा. तो कसा निसटायचा ते दाखवतो."

दादा म्हटल्यामुळे असेल, किंवा मारा म्हटल्यामुळे असेल, नवरा लगेच पुढे झाला. त्याने मुठी आवळल्या. नारिंगी लेसचे बूट स्टेजवर दोनदा उडाले. शेजाऱ्याने हात खाली सोडले, त्याच्यासारखे, आणि हनुवटी पुढे केली. सभागृहात मोबाइल वर झाले. नवऱ्याने उजवा हात मागे घेतला आणि इतक्या महिन्यांचा सगळा राग एकत्र करून ठोसा मारला.

शेजाऱ्याने मान मागे घेतली. अगदी बरोबर घेतली, वेळही साधली. फक्त मानेबरोबर तो सगळाच मागे गेला, आणि मागे स्टेज संपत होतं. तो तीन पायऱ्यांवरून खाली खुर्च्यांत जाऊन पडला. इकडे ठोसा हवेत गेला, आणि ठोशाच्या मागोमाग नवराही गेला. अर्धी गिरकी घेऊन तो कमरेत वाकलेला थांबला आणि तिथेच राहिला. सरळ होता येईना. लोकांना आधी वाटलं तो वाकून शेजाऱ्याला हात देतोय. दोघांपैकी कुणीही कुणाला स्पर्श केला नव्हता.

अध्यक्षांनी माइक घेऊन सामना बरोबरीत सुटल्याचं जाहीर केलं आणि बटाटेवडे गार होत असल्याची आठवण करून दिली. मी दोघांना टॅक्सीत घालत होते तेव्हा प्रमुख पाहुणे धावत आले. मला वाटलं मदतीला. त्यांनी मला आपलं कार्ड दिलं.

दवाखान्यात तरुण चिनी डॉक्टरने काय झालं असं विचारलं. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बॉक्सिंग." त्याने नवऱ्याचे काळे केस बघितले, कुर्ता बघितला, शेजाऱ्याचा सुजलेला घोटा बघितला आणि काहीतरी टाइप केलं. मग म्हणाला की तुमच्या वयात जरा जपायला हवं. हे तो दोघांना मिळून म्हणाला. नवऱ्याने ते सहन केलं, त्याला सवय झाली होती. शेजाऱ्याचा चेहरा मात्र असा पडला की घोट्याचं दुखणं तो विसरून गेला.

दोघांनाही आठवड्याची एमसी मिळाली, म्हणजे आजारपणाची रजा. शेजारी वर एकटा, पायाला पट्टा बांधलेला, म्हणून त्यालाही मी आमच्याच हॉलमध्ये आणून सोफ्यावर टाकला. नवरा खाली चटईवर, गुडघ्यांखाली उशी घेऊन उताणा. मधे मी. पहिले दोन दिवस ते एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते. ह्यांना विचारा पंखा कमी करू का. त्याला सांग कर म्हणून.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेजाऱ्याने टीव्हीवर त्याची एक जुनी लढत लावली. मुद्दाम लावली असणार. समोर एक दांडगा प्रतिस्पर्धी होता. नवरा मान वाकडी करून बघू लागला. थोड्या वेळाने तो पुटपुटायला लागला. "आता डावा. परत डावा. आता मागे." आणि पडद्यावर अगदी तसंच व्हायचं, तो बोलल्यानंतर. शेजाऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. नवरा पुढच्या फेरीतही तेच करत होता, मधेच खालच्या कोपऱ्यात एक टोपीवाला माणूस उभा राहील म्हणाला आणि राहिला.

मग त्याने सांगितलं. मला ही गोष्ट लग्नानंतर लगेच ऐकायला मिळाली होती, पण शेजाऱ्याला नवी होती. नवऱ्याचे मामा बोटीवर होते. त्यांनी कुठल्याशा बंदरातून ह्या लढतीची व्हिडिओ कॅसेट आणली होती. मामांच्या घरी व्हीसीआर होता आणि ती एकच कॅसेट. चिंचवडच्या त्या घरात प्रत्येक मे महिन्यात हा मुलगा ती रोज लावायचा. मामी दुपारी झोपल्या की आवाज बंद करून. मामांच्या बोटी बदलल्या, टीव्ही बदलला, हा मुलगा इंजिनिअर झाला, पण ती लढत त्याच्या डोक्यात तशीच्या तशी राहिली होती.

शेजाऱ्याने विचारलं, "दादा, ही अजून किती फेऱ्या आहे?"

"का?"

"नाही, मी आजवर क्लिपच बघितल्यात. ते मान मागे घेण्याच्या. पूर्ण कधी बघितली नव्हती. एवढी लांब असते?"

इतके शनिवार ज्याने त्याच्यासाठी जीव टाकला, त्याने त्याला मिनिटा-दोन मिनिटांच्या तुकड्यांतच बघितलं होतं. नवऱ्याला ते बोलून दाखवायची गरज पडली नाही, कारण पुढच्या फेरीत शेजारी झोपला. तोंड उघडं टाकून, पट्ट्याचा पाय सोफ्याच्या हातावर ठेवून.

सातवी फेरी सुरू झाली तेव्हा नवऱ्याने पुटपुटणं थांबवलं. मी विचारलं काय झालं. तो म्हणाला की ही फेरी त्याने बघितलेलीच नाही. कॅसेट इथे खराब होती. चित्र लोळायचं, नुसत्या करड्या पट्ट्या दिसायच्या, आणि एकदम आठवीच सुरू व्हायची.

"मला वाटायचं इथे काहीतरी जबरदस्त झालं असणार. आमच्याआधी कुणीतरी तेवढंच पुन्हा पुन्हा लावलं असणार, म्हणून टेप झिजली," तो म्हणाला.

आम्ही बघत राहिलो. जबरदस्त काहीच नव्हतं. तो दमला होता. तोंड उघडं, पाय जड. समोरचा जवळ आला की त्याच्या मानेत हात टाकून त्याला मिठी मारायचा आणि सगळं वजन त्याच्यावर टाकून लटकून राहायचा. रेफरी सोडवायचा, हा पुन्हा लटकायचा. प्रेक्षक ओरडत होते, कौतुकाने नव्हे. सबंध फेरीभर एवढंच. मी नवऱ्याकडे बघितलं. तो हिरव्या पावडरीचा, लेगसीवाला चेहरा कुठे गेला होता कोण जाणे. एखादा ओळखीचा माणूस अवघड जागी दिसावा तसा तो बघत होता, नजर काढून घ्यावी की न घ्यावी अशा बेताने.

पुढच्या फेऱ्या पाठ असूनही तो पहिल्यांदाच बघितल्यासारख्या बघत होता. शेवटी रेफरीने हात उंचावला तो आमच्या 'त्या'चाच. मी विचारलं, "मग, आजच्या पोरांपुढे टिकला असता?"

"नसता," नवरा म्हणाला. मग उठून बसायला त्याने माझा दंड धरला. "पण हरतानाही त्याने त्यांना चांगलं दमवलं असतं. असा लटकला असता की त्यांना कंटाळा आला असता." हे तो फार गंभीरपणे म्हणाला. मला हसू आवरेना, कारण बोलताना तो दोन्ही हातांनी माझ्या मानेत लटकलेला होता आणि मला सोडवायला तिथे रेफरी नव्हता.

माझ्या हसण्याने शेजारी जागा झाला. त्याने डोळे चोळले, पडद्यावरच्या गर्दीकडे बघितलं आणि विचारलं, "कोण जिंकलं?"

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलू लागले. शेजाऱ्याने त्या संध्याकाळच्या शब्दाबद्दल माफी मागितली. नवऱ्याने आपल्याला आठवत नाही असं सांगितलं, जे खोटं होतं, पण सभ्य खोटं होतं. रजा संपली. नवरा कमरेला पट्टा बांधून जुरोंग आयलंडला जाऊ लागला. साहेबाने विचारलं तेव्हा जिममध्ये लचक भरली असं सांगितलं म्हणे. कलप चालू राहिला. पावडर बंद झाली, पण ती पोटातल्या वायूमुळे. माणूस बदलला वगैरे मी म्हणणार नाही.

आणि शेजाऱ्याने घरी बसून त्याच्या सगळ्या लढती पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायला घेतल्या. त्याचा परिणाम मला वाटला नव्हता तसा झाला. शनिवारी तो जेवायला आला आणि ताटावर बसता बसता म्हणाला, "दादा, तुमचंच खरं हो. तो फार मिठ्या मारतो. आजच्या पोरांनी त्याला सोडला नसता."

नवऱ्याने घास खाली ठेवला. "कुठल्या पोरांनी?" तो म्हणाला. "ह्यांनी? ह्यांना दोन फेऱ्या झाल्या की धाप लागते."

तिथून ते सुरू झाले, ते आता बाजू बदलून चालूच आहेत. आहार, वजन आणि पोच हे शेजाऱ्याकडे गेलं आहे. पाय, मान आणि मोठेपणा नवऱ्याकडे. आवाज तेवढाच आहे. मध्यंतरी शेजाऱ्याची बायको बाळाला घेऊन आली, तिने एका शनिवारी हे सगळं ऐकलं आणि मला हळूच विचारलं की हे रोजचंच आहे का. मी तिला सांगितलं की फक्त शनिवारचं आहे, आणि आपण दोघी त्यांच्या आधी जेवून घेत जाऊ.